बिअरचा साबण पहिल्यांदाच करतेय, सातारा-सांगलीच्या अनुभवी मंडळींनी मदत करा

पायथ्याची (मूळ धागा) | ८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. मी साताऱ्याची, शाहूपुरीत राहते. घरी साबण याआधी दोनदा केलाय, दोन्ही वेळा साधाच: तेलं, कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) आणि पाणी. दोन्ही घाणे चांगले उतरले. आता बिअरचा करायचाय.

कारण सांगते. माझे बाबा फौजेतून निवृत्त झालेत. रोज पहाटे साडेपाचला वाटी, ब्रश घेऊन दाढीला बसतात, त्यात कधी खंड नाही. दिवाळीत एका प्रदर्शनातून मी बिअर घातलेली एक वडी आणली होती. बाबांनी त्यावर ब्रश फिरवला आणि म्हणाले, "हा फेस गालावर बसतो गं, बाजारातल्यासारखा उडून जात नाही." एरवी ते कशाचं कौतुक करत नाहीत. ती वडी संपली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांना पंचाहत्तरावं लागतंय, त्या दिवशी माझ्या हातची वडी त्यांच्या वाटीत असावी अशी फार इच्छा आहे.

माझं माप: खोबरेल २०० ग्रॅम, शेंगदाणा तेल २५० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक ७३ ग्रॅम. पाण्याच्या जागी बिअर १६५ ग्रॅम. सुपरफॅट ५ टक्के धरलंय, म्हणजे थोडं तेल साबण न होता वडीत मोकळं राहावं म्हणून कॉस्टिक तेवढं कमी.

बेत असा: बाटली उघडून तासभर ठेवायची, मग ती ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात ओतून त्यात कॉस्टिक घालायचं (आधीच्या दोन वेळचं स्टीलचं भांडं आता स्वयंपाकात गेलंय), तेलात मिसळायचं, ब्लेंडरने घोटायचं, साच्यात ओतून रात्रभर वाकळीत गुंडाळायचं, नेहमीसारखं. काही चुकतंय का?

---

कृष्णाकाठची | ८ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, थांबा. रविवारपर्यंत कॉस्टिकच्या डब्याचं झाकण उघडू नका.

सगळ्यात आधी ते पातेलं. ॲल्युमिनियम नको म्हणजे नकोच. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेणारा आहे. स्टीलचं भांडं किंवा जाड पॉलिप्रॉपिलिनचा डबा घ्या (बुडावर त्रिकोणात ५ आकडा असतो). आणि ते भांडं साबणाचंच ठेवायचं, परत स्वयंपाकात न्यायचं नाही.

दुसरं, बिअर. तासभर उघडी ठेवून तिच्यातला गॅस जात नाही. कॉस्टिक पडलं की गरम होते, उरलेला सगळा गॅस एकदम सुटतो आणि भांड्यातून फसफसून ओट्यावर येते. साधी बिअर उतू गेली तर पुसून टाकता येते. ही कॉस्टिक पोटात घेतलेली गरम बिअर असते, हातावर आली तर कातडं जातं. सहा वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या घाण्याला हे झालंय. मनगटावरचा डाग अजून आहे, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

तर असं करा. ६५० मिलीची एक बाटली मोठ्या पातेल्यात ओता, पातेलं निम्म्याहून जास्त रिकामं राहिलं पाहिजे, कारण उकळताना ही दुधासारखी वर येते. खिडकी उघडी ठेवा. मंद आचेवर निम्मी होईपर्यंत आटवा. गॅसही जातो, अल्कोहोलही जातं. मग गार करून फ्रिजमध्ये रात्रभर उघडी ठेवा. दुसऱ्या दिवशी ढवळून बघा. एकही बुडबुडा आला नाही तर ती कामाची. आमच्याकडे म्हणतात, बिअर मेलेली पाहिजे.

मग ती बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. खडे स्टीलच्या भांड्यात घ्या, भांडं बेसिनमध्ये थंड पाण्यात ठेवा आणि कॉस्टिक चमचा चमचा घाला. घाई केलीत तर बिअरमधली साखर करपते, रंग काळपट होतो. कॉस्टिक बिअरमध्ये घालायचं. कॉस्टिकवर बिअर कधीही ओतायची नाही.

---

जिज्ञासू_वाईकर | ८ जानेवारी, रात्री १०:३२

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाची वाट पाहतोय.

---

खडू_फळा | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

मी कराडला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो, आता घरी असतो. कृष्णाकाठच्या ताईंनी लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, त्यामागचं कारण तेवढं मांडतो. कारण कळलं की हात आपोआप सांभाळून चालतो.

तेल म्हणजे ग्लिसरीनला जोडलेली तीन स्निग्धाम्लं. कॉस्टिक ही जोडणी तोडतं. स्निग्धाम्लांचा साबण होतो आणि ग्लिसरीन मोकळं होतं. कारखान्यात बहुधा ते काढून घेतात, घरच्या वडीत ते तसंच राहतं. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक लागतं ते ठरलेलं आहे. खोबरेलला ग्रॅममागे ०.१८३, शेंगदाणा तेलाला ०.१३७, एरंडेलला ०.१२८. तुमच्या मापाचं गणित केलं: ३६.६ अधिक ३४.२५ अधिक ६.४, म्हणजे ७७.२५. त्यातून ५ टक्के वजा केले की ७३.४. तुमचे ७३ ग्रॅम बरोबर आहेत. आनंद वाटला, कारण बरेच जण वाटीने मोजतात. हे काम वाटीचं नाही, काट्याचं आहे.

अल्कोहोल का घालवायचं? ते ७८ अंशाला उकळतं आणि कॉस्टिक पाण्यात विरघळताना मिश्रण सहज ८०-९० अंशांवर जातं. शिवाय अल्कोहोल राहिलं तर घोटताना साबण अचानक आळतो, चमचासुद्धा फिरत नाही.

फेसाचं श्रेय बिअरमधल्या साखरेला द्या. यीस्टने जी साखर खाल्ली नाही ती मागे राहते, तिने फेस वाढतो. बिअरमधली जीवनसत्त्वं त्वचेला पोसतात असं वेष्टनावर छापलेलं असतं. कॉस्टिकच्या तडाख्यातून ती कामाची उरतात असं मला तरी पटत नाही.

आणि डोळ्यांना गॉगल. चष्मा असला तरी वरून गॉगल.

---

लाकडी_घाणा | ९ जानेवारी, दुपारी १:२०

ताई, आमचा तासगावच्या बाजूला घाणा हाय. शेंगदाणा तेल कुठलं घेताय ते बघा. लाकडी घाण्याचं असंल तर चांगलं चार-पाच दिवस निवळू द्या, गाळ खाली बसू द्या, वरचं तेल घ्या. गाळासकट घातलं तर वडी लवकर खवट हुती, वर नारंगी ठिपकं येत्यात. आन शेंग जुनी असली, खवट वास यायला लागला असला, तर ते तेल साबणाला बी नगं. लोक म्हणत्यात खायाला नाय चालत ते साबणाला चालतं. आजिबात नाय चालत.

---

माळकरी_घरची | ९ जानेवारी, दुपारी ३:४५

मी फलटणची. धागा मनापासून वाचतेय, पण एक अडचण आहे. आमचे सासरे माळकरी आहेत, पालखी गावात येते तेव्हा आमच्या दारात वारकऱ्यांच्या पंगती बसतात. घरात बाटली आणणं शक्यच नाही आणि त्यांच्या मनाविरुद्ध मला करायचंही नाही. असा फेस दुसऱ्या कशाने मिळेल का?

---

कृष्णाकाठची | ९ जानेवारी, सायंकाळी ५:१०

माळकरी घरच्या ताई, नक्की मिळेल. मास्तरांनी सांगितलंच आहे, काम साखरेचं आहे. ५०० ग्रॅम तेलाला ५ ते १० ग्रॅम गूळ, मापातल्याच पाण्यातल्या थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, गाळून घ्या. साबण घोटून दाट व्हायला लागला की घाला. रंग छान बदामी येतो. ताजा उसाचा रस गोठवूनही करतात, पण त्यात साखर फार, मिश्रण भयंकर तापतं. पहिल्यांदा गूळच बरा. सासऱ्यांनाही निःशंक मनाने वापरता येईल.

---

हळद_पेठ | ९ जानेवारी, रात्री ८:३०

सांगलीत राहून विचारतेय, बिअरच्या साबणात हळद घातली तर पिवळा रंग येईल का?

---

खडू_फळा | ९ जानेवारी, रात्री ८:५५

लालसर येईल. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ना, तेच. अल्कलीत हळद लाल होते. साबण मुरत जाईल तसा तो लाल नारिंगीकडे सरकतो आणि उन्हात ठेवला तर विटतो. चिमूटभरच घाला, टॉवेलला डाग लागतात.

---

पायथ्याची | १२ जानेवारी, रात्री ११:३०

सर्वांचे आभार मानणार होते, पण आज मन थाऱ्यावर नाही.

बिअर परवा आटवली, काल गोठवली. आज दुपारी नवीन स्टीलचं भांडं, गॉगल, हातमोजे, सगळं सांगितल्याप्रमाणे. खडे हळूहळू विरघळले, रंग गडद चहासारखा झाला. वास फार उग्र आला. लहानपणी आजोळी म्हशीपुढे ठेवलेल्या आंबोणाचा वास आठवला, त्याला करपट धार. ओतणं, घोटणं नीट झालं. साच्यात भरला आणि नेहमीप्रमाणे वाकळीत गुंडाळला.

दीड तासाने वास वाढला म्हणून वाकळ उघडली. साबण मधोमध फाटला होता, भेगेतून तपकिरी लगदा वर येऊन साच्याच्या कडेवरून खाली उतरत होता. वर तेलाची थारोळी. साचा हाताला चटका बसेल इतका गरम. आजीची वाकळ खराब झाली त्याचं वाईट वाटतंय, आणि बाबांनी दारात उभं राहून सगळं पाहिलं. काही बोलले नाहीत, खिडकी उघडली आणि बाहेर गेले.

सगळं फेकून देऊ का?

---

कृष्णाकाठची | १२ जानेवारी, रात्री ११:५०

फेकू नका. आणि आधी माझी चूक कबूल करते. तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये वाकळीचा उल्लेख होता, बिअर आणि पातेल्याच्या नादात तो माझ्या नजरेतून सुटला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं.

साध्या साबणाला ऊब लागते. बिअर, दूध, गूळ, मध, साखर असलेलं काहीही असेल तर तो आतूनच तापतो, त्याला वारा हवा. वाकळीत तो कोंडला आणि उसळला.

आता हातमोजे घालून लगदा, तेल, भेगेतलं, सगळं एका स्टीलच्या भांड्यात गोळा करा. काही सांडलंय ते पुसून फडका वेगळा धुवा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात हे भांडं ठेवा, मंद आच. अधूनमधून हलवा. तास-दीड तासात तो उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखा होईल, कडेने तुळतुळीत, पारदर्शक दिसेल. फार कोरडा वाटला तर दोन चमचे पाणी. मग साच्यात दाबून भरा. दिसायला खडबडीत येईल, पण साबण होईल. तेल आणि कॉस्टिक दोन्ही मापातलेच आहेत, कुठे गेलेले नाहीत.

उद्या सकाळी केलंत तरी चालेल. आज झोपा.

---

एक_शेजारीण | १३ जानेवारी, सकाळी ६:४०

ताई, हाताला लागलं असेल तर लगेच व्हिनेगर किंवा लिंबू चोळा, आम्ही तसंच करतो.

---

खडू_फळा | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

कृपा करून कोणी असं करू नका. अंगावर कॉस्टिक आलं तर फक्त वाहतं पाणी, भरपूर, पंधरा-वीस मिनिटं. व्हिनेगरने त्या जागी अजून उष्णता निर्माण होते. व्हिनेगर ओट्यासाठी, तेही सांडलेलं पाण्याने पुसून काढल्यावर. डोळ्यात गेलं तर नळाखाली डोळा उघडा धरायचा आणि धुणं न थांबवता घरातल्या कोणालातरी गाडी काढायला सांगायचं. लहान मुलं असलेल्या घरात डबा कडीकुलपात हवा, त्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहून. हा पदार्थ दिसायला साखरेसारखा आहे, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो.

---

पायथ्याची | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

हाताला काही लागलं नव्हतं, देवाची कृपा. लगदा काल शिजवला. झाला साबण! ओबडधोबड, गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. हात धुवायला ठेवलाय. पण बाबांच्या वाटीत हा द्यायचा नाही, दुसरा करायचाय. आज संक्रांत, सगळ्यांना तिळगूळ.

---

खडू_फळा | १५ जानेवारी, सकाळी ८:००

दुसरा करताना पद्धत बदला. अख्खं द्रव बिअरचं न घेता ७५ ग्रॅम साध्या पाण्यात ७३ ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. उरलेले ९० ग्रॅम आटवलेली बिअर, ती थेट तेलात ढवळा आणि मग त्यात कॉस्टिकचं गार झालेलं पाणी ओता. कॉस्टिक आणि बिअर उघड्यावर समोरासमोर येत नाहीत, साखर करपत नाही, वासही कमी. एकच सांभाळा. निम्मं पाणी, निम्मं कॉस्टिक असं द्रावण फार तिखट असतं, बनताना प्रचंड तापतं, म्हणून भांडं बेसिनमधल्या पाण्यात ठेवून करा. आणि रात्रभर गच्चीत ठेवू नका. ते साधारण १२ अंशाच्या आसपास गोठायला लागतं आणि साताऱ्यात जानेवारीच्या पहाटे पारा तिथवर येतो.

---

कृष्णाकाठची | १५ जानेवारी, सकाळी ९:३०

मास्तरांना अनुमोदन. थंडीवरून अजून एक. खोबरेल २४ अंशाखाली थिजतं. तेलं नीट पातळ करून घेतली नाहीत आणि वर फ्रिजमधली बिअर ओतली तर खोबरेल गोठून मिश्रण दाट दिसतं, आपल्याला वाटतं साबण जमला. तो खोटा दाटपणा. साच्यात मग वेगळं होतं. बिअर खोलीच्या तापमानाला आणा, तेलं ३५-४० अंशांना ठेवा. साबण ओतल्यावर वाकळ नको, साचा उघडा, पंख्याखाली.

---

गोदोलीकर | १६ जानेवारी, रात्री ९:००

छान जमला तर विकायला काढा ताई, मागणी आहे.

---

कृष्णाकाठची | १६ जानेवारी, रात्री ९:४०

विकायचा असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो. घरी वापरणं आणि नात्यात देणं वेगळं. आठवडी बाजारात परवान्याशिवाय वड्या मांडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते, काहींना राग येतो. पण लोकांच्या कातडीचा प्रश्न आहे.

---

पायथ्याची | १९ जानेवारी, रात्री १०:०५

दुसरा घाणा आज केला, मास्तरांच्या पद्धतीने. फरक जमीनअस्मानाचा आहे. वास जेमतेम. घोटायला चार मिनिटं लागली, खिरीसारखा दाट झाल्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत बटर पेपर लावून ओतला. खिडकीपाशी, पंख्याखाली. दर पंधरा मिनिटांनी हात लावून बघत होते. कोमट झाला, त्यापुढे गेला नाही.

या वेळी बाबा स्टुलावर शेजारीच बसले होते, गॉगल घालून. मीच दिला. काट्यावरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवत होते.

---

पायथ्याची | २१ जानेवारी, सकाळी ११:१५

कापला. आतून एकसारखा फिकट तपकिरी, वर किंचित पांढरी पूड. कसली आहे ती?

---

खडू_फळा | २१ जानेवारी, सकाळी ११:४०

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी वरचं थोडं कॉस्टिक मिळून झालेला सोडा. निर्धोक. ओल्या फडक्याने पुसला तरी जातो. आता वड्या एकमेकींना न चिकटवता जाळीवर, सावलीत, वारा लागेल अशा ठेवा. दर आठवड्याला एका वडीचं वजन लिहून ठेवा. पाणी उडत जाईल तसं वजन उतरेल. उतरायचं थांबलं की साबण तयार. चार आठवडे तरी द्याच, सहा दिलेत तर उत्तम.

---

पायथ्याची | १६ फेब्रुवारी, रात्री ८:२०

चार आठवडे झाले. १०४ ग्रॅमची वडी ९१ वर आली. आंबोणाचा वास पूर्ण गेला, आता भाजलेल्या धान्याचा हलकासा येतो. एक वडी कृष्णाकाठच्या ताईंना कुरियरने पाठवलीय, त्यांचा शब्द शेवटचा.

---

कृष्णाकाठची | २० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

वडी मिळाली. आधी खरं ते सांगते: आमच्या बोअरच्या पाण्यात फेस कमी आला आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसला. दोष साबणाचा नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, क्षारांचं. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरतं आणि थर होतो. मग साठवलेल्या पावसाच्या पाण्यात हात धुतले आणि लोण्यासारखा फेस आला. तुमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं का? तसं असेल तर काहीच बघायला नको, ते मऊ असतं.

माझ्यासारख्या बोअरवाल्यांसाठी: ५०० ग्रॅम तेलाला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून घ्या आणि कॉस्टिक ६ ग्रॅम वाढवा, कारण १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड तेवढं कॉस्टिक खाऊन टाकतं. थर पुष्कळ कमी होतो. कॉस्टिक वाढवायला विसरलात तर वडी मऊ, तेलकट राहील.

---

माळकरी_घरची | २५ फेब्रुवारी, दुपारी २:००

मी गुळाचा केला, तीन आठवडे झालेत. सासरे रोज जाळीजवळ जाऊन वास घेतात आणि विचारतात, "झाला का गं?" एकादशीपर्यंत थांबा म्हटलंय.

---

पायथ्याची | ४ मार्च, सकाळी ६:५०

आमच्या भागात कासचंच पाणी येतं.

आज वाढदिवस. साडेपाचला वाटीत वडी ठेवून मी स्वयंपाकघरात थांबले. ब्रशचा आवाज ऐकू येत होता, बराच वेळ. बाहेर आले तेव्हा दोन्ही गाल पांढरे, वस्तरा अजून हातात घेतला नव्हता. आरशातच बघत म्हणाले, "पुढच्या वेळी काटा मी धरतो, तू ओत."

पुढचा घाणा पाडव्याला. बाटली आटवायला टाकली की इथेच लिहीन.